पायाचे कुरूप आणि कंकालीचे तळे

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे डोळ्यांसमोर उभे राहतात. ज्या पायांनी त्या लढायांच्या मजला मारल्या त्या पायांना काय दुखत होते, याची नोंद बखरकारांनी ठेवलेली नाही. आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचेही कारण नाही. तळपायाला आलेली वाटाण्याएवढी गाठ ही काही साम्राज्ये उलथविणारी गोष्ट नव्हे. पण ज्याच्या पायाला ती येते त्याला विचारावे! धडधाकट माणूस चार पावलांत लंगडू लागतो. डोक्यावर विटा वाहणारी मजूरबाई किंवा चिखलात भाताची लावणी करणारा शेतकरी यांची तर त्या गाठीपायी रोजीच बुडते. या क्षुद्र दुखण्यावर माणूस निदान दोन हजार वर्षे उपाय शोधीत आला आहे. त्यांत शस्त्र आहे, अग्नी आहे, झाडांचे चीक आहेत, मंत्रतंत्र आहेत आणि तीर्थस्नानेही आहेत. नवल असे की, यांपैकी जवळजवळ प्रत्येक उपाय कोणाला ना कोणाला लागू पडलेला आहे. परस्परांशी काडीचाही संबंध नसलेले इतके उपाय एकाच दुखण्यावर गुणकारी कसे ठरावेत? या प्रश्नाच्या उत्तरातच या दुखण्याचा सारा इतिहास सामावलेला आहे.

त्या इतिहासाचा एक धागा रायपूर शहरातील ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीत सापडतो. छत्तीसगडी बोलीत 'पारा' म्हणजे मोहल्ला किंवा आळी. मराठी श्रोत्यांना हा मुलूख परका वाटण्याचे कारण नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर यांनी रतनपुरावर चाल केली आणि छत्तीसगडात मराठ्यांचा शिरकाव झाला. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून या प्रदेशाचा कारभार पाहिला. १८१८ मध्ये इंग्रजांच्या देखरेखीखाली कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. तरीही नागपूर आणि रायपूर यांचा संबंध तुटला नाही. १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात नांदली. ब्राह्मणपाऱ्याजवळच्या तात्यापाऱ्याचे नाव तर आपण होऊनच मराठी बोलते. १९०० मध्ये 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे याच रायपुरातले. आगगाडी येईपर्यंत नागपूरहून इकडे यायचे ते पायी, नाही तर बैलगाडीने. तेव्हा पायाच्या दुखण्याची कथा सांगताना या वाटेवरून जाणे अप्रस्तुत होणार नाही.

ब्राह्मणपारा आणि कंकालीपारा या वस्त्या एकमेकींना लागून आहेत. तेथे कंकालीदेवीचे मंदिर आहे, जुना मठ आहे आणि मंदिरासमोर एक तळे आहे. नागा साधूंच्या या मठात जुनी शस्त्रे ठेवलेली असून त्याची दारे वर्षातून एकदाच, विजयादशमीच्या दिवशी, दर्शनासाठी उघडतात. तळ्याच्या मध्यभागी महादेवाचे लहानसे देऊळ आहे. या तळ्यात स्नान केले असता त्वचेचे रोग बरे होतात अशी श्रद्धा रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. खरूज, नायटा, गजकर्ण यांबरोबरच हातापायांवर उठणाऱ्या चामखिळींसाठीही असल्या तळ्यांचा आश्रय लोक घेत आले. अशी तीर्थे केवळ रायपुरातच आहेत असे नाही. आपल्याकडे वज्रेश्वरीची आणि उनपदेवची गरम पाण्याची कुंडे त्वचारोग्यांनी शतकानुशतके गजबजलेली आहेत. ही श्रद्धा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जेथे वैद्य मिळत नव्हता आणि मिळाला तरी परवडत नव्हता, तेथे तळे सर्वांना सारखे मोकळे होते. पण श्रद्धेचा आदर करूनही तिची परीक्षा करता येते, आणि ती करण्यापूर्वी रोगाचे नाव नीट समजून घेतले पाहिजे.

नावांचाच येथे मोठा घोटाळा आहे. मराठीत आपण 'कुरूप' म्हणतो, 'भोवरी' म्हणतो आणि 'चामखीळ'ही म्हणतो. रायपूरच्या मराठी घरात ज्याला कुरूप म्हणतात, त्याला अंगणाबाहेर पडताच हिंदीत 'गोखरू' हे नाव मिळते. गोखरू म्हणजे आपला सराटा. त्याचे काटेरी फळ पायाखाली आले म्हणजे जी कळ मस्तकात जाते, तीच कळ या गाठीने येते, म्हणून हे नाव. चामखीळ हा शब्द संस्कृत 'चर्मकील' या शब्दावरून आला. कील म्हणजे खिळा, कातडीत ठोकलेला खिळा. नावे सुरेख आहेत, परंतु त्यांच्या आड दोन अगदी भिन्न रोग लपलेले आहेत. एक दाबामुळे होतो, तर दुसरा संसर्गामुळे. सारख्याच जागी, सारख्याच दिसणाऱ्या दोन गाठी आणि त्यांची कारणे मात्र निराळी, अशी ही जोडी आहे. हजारो वर्षे त्यांची गल्लत होत राहिली आणि आजही ती घरोघरी होत आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांनी या बाबतीत दाखविलेली नजर मात्र आश्चर्यकारक आहे. सुश्रुतसंहितेत 'क्षुद्ररोग' या नावाखाली चव्वेचाळीस व्याधींचे वर्णन आहे. त्यांत पायाच्या व्याधींना चांगले स्थान आहे. फार चालणाऱ्याच्या पायांना पडणाऱ्या भेगा म्हणजे 'पाददारी'. घाणेरड्या चिखलात वावरल्याने बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या ज्या दुखण्याला आपण चिखल्या म्हणतो, तो 'अलस'. आणि खडा रुतून किंवा काट्याने जखम होऊन पायाला येणारी बोराएवढी, खिळ्यासारखी कठीण आणि वेदना देणारी गाठ म्हणजे 'कदर'. हे कदर म्हणजेच आपले कुरूप. चर्मकील आणि मषक यांची गणना सुश्रुताने कदराहून वेगळी केली आहे. उपचारही नेमके सांगितले आहेत. कदर शस्त्राने कापून काढावे आणि ती जागा तापविलेल्या तेलाने डागावी. चर्मकील आणि मषक कापून क्षाराने किंवा अग्नीने जाळावे, आणि तेही काही शेष न ठेवता. या शेवटच्या सूचनेत मोठा अनुभव आहे. चामखिळीचा अंश मागे राहिला तर ती पुन्हा उगवते, हे त्या शल्यवैद्यांनी आपल्या रोग्यांच्या अंगावर पाहिलेले असले पाहिजे.

संहितेतील शस्त्रकर्म हळूहळू वैद्यांच्या हातून सुटले आणि गावच्या न्हाव्याकडे आले. त्याच्या धोकटीत नखे काढण्याची नराणी असे, आणि त्याच नराणीने तो गिऱ्हाइकाच्या पायाचे कुरूप तासून देई. घरगुती उपायांची तर गणतीच नव्हती. चामखिळीच्या देठाला घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधावा. चुना आणि पापडखार कालवून लावावा. रुईचा चीक भरावा. आणि काहीच चालेनासे झाले म्हणजे बिब्ब्याचा चटका द्यावा. बिब्बा म्हणजे संस्कृतातील भल्लातक. धोब्यांनी कपड्यांवर खुणा करण्यासाठी ज्याचा उपयोग केला तेच हे फळ. त्याचे काळे तेल कातडी जाळते, म्हणूनच काट्याने काटा काढावा या न्यायाने ते कुरूपावर लावीत. छत्तीसगडात यालाच 'भेलवा' म्हणतात, आणि तेथे त्याला केवळ औषधाचे नव्हे तर रक्षकाचेही स्थान आहे. आपल्याकडील दिव्याच्या अवसेला, म्हणजे तिकडच्या पंचांगाप्रमाणे श्रावणातील अमावास्येला, छत्तीसगडी शेतकरी 'हरेली'चा सण करतो. त्या दिवशी तो अवजारांची पूजा करतो, दारावर कडुनिंबाचा डहाळा खोवतो आणि शेतात भेलव्याची फांदी रोवतो. मुले त्या दिवशी बांबूच्या 'गेडी'वर चढून चिखलातून चालतात. आज तो खेळ झाला आहे. पण पावसाळ्याच्या ऐन चिखलात पाय जमिनीला न लावता चालण्याची ही युक्ती पाहिली म्हणजे, भाताच्या या मुलखात पायांची काळजी सणावारातही कशी मुरलेली आहे याची कल्पना येते.

असल्या उपायांवर केवळ आपल्याच लोकांनी विश्वास ठेवला असे नाही. अनुभवावाचून काहीही मानू नये अशी शिकवण ज्याने युरोपला दिली, त्या फ्रान्सिस बेकनचेच उदाहरण पाहा. तारुण्याच्या उंबरठ्यावर तो पॅरिसमध्ये असताना त्याच्या हातांवर थोड्याच काळात शंभरावर चामखिळी उठल्या. इंग्रज वकिलाच्या पत्नीने डुकराच्या चरबीचा कातडीसकट तुकडा त्यांवर चोळला आणि तो उन्हात खिडकीशी टांगून ठेवला. चरबी वितळत गेली आणि पाच आठवड्यांत चामखिळी नाहीशा झाल्या. हा वृत्तान्त बेकनच्या मृत्यूनंतर, १६२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात आहे. त्यातील त्याचा एक शेरा मार्मिक आहे. नव्या चामखिळी झटपट आल्या तशा झटपट गेल्या, त्याचे त्याला विशेष वाटले नाही; पण लहानपणापासून असलेली एक चामखीळही त्यांच्याबरोबर गेली, याचे कोडे मात्र त्याला अखेरपर्यंत उलगडले नाही. पॅरिसची खिडकी आणि रायपूरचे तळे यांत हजारो कोसांचे अंतर आहे. पण दोन्हींपुढचा प्रश्न एकच आहे.

त्या प्रश्नाची उकल विसाव्या शतकात झाली. १९०७ मध्ये जुझेप्पे च्युफो या इटालियन वैद्याने चामखिळीचा अर्क अतिशय बारीक गाळणीतून गाळला. जंतू त्या गाळणीत अडकून राहतात. तरीही गाळलेल्या द्रवाने नवी चामखीळ उत्पन्न झाली. अर्थात रोगाचे कारण जंतूंहूनही सूक्ष्म असले पाहिजे, असे ठरले. १९४९ मध्ये अमेरिकेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चामखिळीतील विषाणूचे कण प्रत्यक्ष दिसले. या विषाणूंच्या कुळात दोनशेहून अधिक प्रकार असल्याचे आता ज्ञात आहे. त्याच कुळातील काही प्रकारांमुळे स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, हे दाखविल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तळपायाच्या चामखिळीचे विषाणू निराळे आहेत, तेव्हा त्या धास्तीने कोणी घाबरून जाऊ नये. अंगावरची चामखीळ उंचवट्यासारखी वर येते. तळपायाची मात्र शरीराच्या भाराने आत दाबली जाते आणि कुरुपासारखी दिसू लागते. सारी गल्लत होते ती येथे.

पण ही गल्लत टाळणे फारसे कठीण नाही. तळपायावर बोटांच्या ठशांसारख्या बारीक रेषा असतात. कुरुपावरून या रेषा अखंड जातात. चामखिळीपाशी त्या तुटतात आणि तिला वळसा घालतात. कुरूप वरून दाबले की दुखते. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की अधिक दुखते. चामखिळीचा वरचा थर निघाला म्हणजे आत काळे ठिपके दिसतात. लोक त्यांना 'मुळ्या' समजतात. वस्तुतः ती बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेली रक्ताची टोके असतात. कुरुपाला उपाय म्हणजे दाब दूर करणे, म्हणजेच पायाला साजेशी वहाण आणि मऊ गादी. तो दाब तसाच राहिला तर कितीही तासले तरी कुरूप पुन्हा येणारच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९६३ मध्ये अमेरिकेत एका संस्थेतील मुलांच्या चामखिळींची दोन वर्षे पाहणी करून निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोणताही उपचार न करता त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश चामखिळी त्या अवधीत आपोआप नाहीशा झाल्या होत्या! त्याच्या कितीतरी आधी, १९२७ मध्ये, झुरिक येथील ब्रूनो ब्लोख या त्वचारोगतज्ज्ञाने आपले अनुभव मांडले होते. तो रोग्याला घरघर आवाज करणाऱ्या यंत्रापुढे बसवी, चामखिळीला निव्वळ रंग लावी आणि आता ही जाणार म्हणून सांगे. यंत्रातून काहीच बाहेर पडत नसे, तरीही कित्येकांच्या चामखिळी जात. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील काहींची तळपायाची चामखीळ अतिथंड द्रवरूप नायट्रोजनने गोठविण्यात आली, तर इतरांनी घरी सॅलिसिलिक आम्ल लावले. बारा आठवड्यांनी पाहिले तो दोन्ही गटांत शेकडा चौदाच रुग्ण पूर्ण बरे झालेले आढळले. एक उपाय खर्चाचा आणि वेदनेचा, दुसरा स्वस्त आणि घरचा. पण फळ सारखेच.

याचा अर्थ असा की, चामखीळ घालविण्याचे मुख्य काम आपले शरीरच करते. हा विषाणू कातडीच्या वरच्या थरांत दडून राहतो, रक्तात उतरत नाही, म्हणून शरीराच्या रक्षकांना त्याचा सुगावा उशिरा लागतो. सुगावा लागला की काही आठवड्यांत सारा मामला आटोपतो. आणि एकीला ओळखले म्हणजे बाकीच्याही ओळखीत सापडतात. बेकनची लहानपणची चामखीळ नव्या चामखिळींबरोबर का गेली, त्याचे उत्तर बहुधा येथेच आहे. शरीराला जाग आली त्याच सुमारास जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळते, मग तो तळ्यातील स्नान असो, घोड्याचा केस असो, डुकराची चरबी असो की झुरिकचे यंत्र असो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. ज्यांची गाठ गेली ते गावभर सांगतात. ज्यांची गेली नाही ते गप्प बसतात किंवा आपल्याच श्रद्धेत काही उणे होते असे मानतात. अशा रीतीने उपायांची कीर्ती वाढत जाते. आम्ले आणि गोठविणे हे आजचे उपाय रोगट थर कमी करतात आणि शरीराला जागे करण्यासही साहाय्य करतात असे मानले जाते, एवढाच त्यांचा अधिकार आहे.

एका गोष्टीकडे मात्र काणाडोळा करून चालणार नाही. ओली फरशी, सामाईक न्हाणी, पोहण्याचे तलाव आणि घाटाच्या पायऱ्या येथे कातडी पाण्याने मऊ होते आणि हा विषाणू एकाच्या पायातून दुसऱ्याच्या पायात जाण्याची संधी साधतो. हे जगात सर्वत्र आहे. इंग्लंडमधील शाळांचे पोहण्याचे तलाव याच कारणाने एके काळी बदनाम झाले होते. आपल्या न्हाणीघरांत पाय घासण्याची वजरी असते. ती घरातील सारी माणसे वापरतात आणि ती वापरताना कातडी सोलवटते. ज्याच्या पायाला चामखीळ आहे त्याची वजरी आणि पंचा वेगळा ठेवणे हा खर्चावाचूनचा उपाय आहे. तळ्यावर स्नानाला जाणाऱ्याने श्रद्धेने जावे. पण घाटावर वहाण वापरावी आणि घरी येऊन पाय कोरडे करावेत. त्याने देवीचा अनादर होत नाही.

खरा धोका आहे तो उपायांतच. तळ्यातील स्नान आणि घोड्याचा केस यांनी फारसे बिघडत नाही. पण बिब्बा उतला तर धडधाकट माणसाच्याही पायाला फोड येतात. मग ज्याच्या पायाला वेदनाच कळत नाही त्याचे काय? मधुमेहात पाय हळूहळू बधिर होतात. कुष्ठरोगातही तसेच होते, आणि छत्तीसगडात कुष्ठरोगाचे प्रमाण देशाच्या सरासरीहून अधिक राहिलेले आहे. चांप्याजवळ सोठी येथे १९६२ मध्ये सदाशिव गोविंद कात्रे यांनी कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभारला, तो स्वतः हा रोग भोगून. पुढे ते काम वाहणारे दामोदर गणेश बापट यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. ही दोन्ही माणसे मराठी, हे अभिमानाने आठवावे. पण त्यांना कशाशी झुंजावे लागले तेही आठवावे. अशा बधिर पायाचे कुरूप पात्याने तासले किंवा बिब्ब्याने जाळले तर जखम कळत नाही, ती चिघळते आणि कित्येकदा पाय गमावण्याची पाळी येते. वाटाण्याएवढ्या गाठीपायी पाय जावा, यापरते दुर्दैव कोणते? ज्यांना मधुमेह आहे, ज्यांचे पाय बधिर आहेत, त्यांनी कुरुपाला किंवा चामखिळीला स्वतः हात लावू नये. औषधाच्या दुकानात मिळणारी आम्लाची पट्टीसुद्धा डॉक्टरला विचारल्यावाचून लावू नये. रायपुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, शासकीय आयुर्वेद महाविद्यालयही आहे. आणि आपापल्या गावी प्रत्येकाला सरकारी दवाखान्याचा रस्ता ठाऊक असतो.

इतरांसाठी मार्ग सोपा आहे. गाठ कोणत्या जातीची आहे ते आधी ओळखावे. कुरूप असेल तर वहाण बदलावी. चामखीळ असेल आणि ती दुखत नसेल, तर तिला काही महिने तशीच राहू द्यावी. दुखत असेल तर रोज कोमट पाण्यात पाय भिजवून, वरचा मऊ थर हलक्या हाताने काढून, सॅलिसिलिक आम्ल नेमाने लावावे आणि आठवड्यांचा नव्हे, महिन्यांचा हिशेब धरावा. गाठ वाढत गेली, तिच्यातून रक्त आले किंवा तिचा रंग पालटला, तर मात्र ती वैद्याला दाखविण्यास विलंब लावू नये.

रोग्याचा पाय जपून काळाला त्याचे काम करू देणे, ही या दुखण्याच्या इतिहासाची शिकवण आहे. सुश्रुताच्या तापलेल्या तेलापासून आजच्या द्रवरूप नायट्रोजनपर्यंत माणसाने या लहानशा खिळ्यावर जे घाव घातले, त्यांतील पुष्कळ घाव न घालताही तो खिळा निघाला असता. कंकालीच्या तळ्याने निदान कोणाचा पाय कापला नाही की जाळला नाही. त्याच्या पायऱ्यांवर येणाऱ्या रोग्याला त्याने थोडा गारवा दिला, थोडी आशा दिली आणि थांबण्याचे बळ दिले. या रोगात थांबणे हेच निम्मे औषध आहे. उरलेले निम्मे कोठे मिळते, हे त्याला सांगणे आपले काम आहे.